व्ह्यूफाइंडर आणि चष्मा

कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला (फोटोची चौकट पाहायच्या छोट्या खिडकीला) डोळा लावताना चष्मा आडवा येतो आणि चष्मा काढला तर समोरचे जग धूसर होते. या पेचात दोन वेगळे प्रश्न असतात आणि ते बहुतेक वेळा एकातच कालवले जातात : चौकटीतले चित्र स्पष्ट दिसणे आणि ते पूर्ण दिसणे. पहिल्याचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

स्पष्टतेसाठी व्ह्यूफाइंडरच्या कडेला डायऑप्टरचे, म्हणजे चष्म्याच्या नंबरासारखे भिंग जुळवायचे, छोटे चाक असते. डीएसएलआरमध्ये (आतल्या आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात) ते साधारण −३ ते +१, तर मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या, खिडकीत छोटा पडदा असलेल्या कॅमेऱ्यात) बहुधा −४ ते +२ किंवा +३ पर्यंत फिरते. ते लावताना दृश्याकडे बघायचे नसते. कॅमेरा कोऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे धरायचा आणि खालच्या पट्टीतले शटरचे आकडे, फोकसचे चौकोन काठासकट ठळक होईपर्यंत चाक फिरवायचे. डोळे ताणून आकडे वाचता आले म्हणून तिथेच थांबू नये. क्षणभर नजर दूर टाकून पुन्हा पाहावे. ऑटोफोकसने घेतलेल्या फोटोवर या चाकाचा काहीच परिणाम होत नाही. हाताने फोकस करणाऱ्याचा अंदाज मात्र चाक चुकीचे लागले असेल तर चुकतो. बॅगेत घासून चाक फिरते आणि लेन्स बिघडली म्हणून माणूस दुकान गाठतो, हा प्रकार नेहमीचा.

ऑप्टिकल (पडद्याऐवजी आरसा-भिंगांतून थेट दाखवणाऱ्या) व्ह्यूफाइंडरमधले चित्र डोळ्याला सुमारे १ मीटरवर असल्यासारखे भासते. तरुण डोळा तेवढे सहज जुळवून घेतो. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग कडक होत जाते, जवळचे जुळवणे कमी होते आणि लांबचा नंबर शून्य असलेल्यालाही चाक अधिकाकडे सरकवावे लागते. जुन्या एसएलआरच्या खिडकीवर बसवायच्या जादा भिंगांवर जो आकडा छापलेला असे, त्यात कॅमेऱ्याचा मुळातला −१ (वरच्या १ मीटरचाच हिशोब) धरलेला असायचा. त्यामुळे चष्म्याच्या चिठ्ठीवरून असे भिंग मागवणारे फसत. डोळ्याला लावून पाहून घेणे हाच खात्रीचा मार्ग. सिलिंड्रिकल (वेगवेगळ्या दिशांना वेगळा पडणारा) नंबर असेल, तर चाक कितीही फिरवा, उभ्या-आडव्या रेषा एकदम स्पष्ट होत नाहीत. नंबर अगदी थोडा असल्याशिवाय चष्म्याला पर्याय नाही.

‘चाक लावा आणि चष्मा काढा’ हा सल्ला म्हणूनच सरसकट द्यावा असा नाही. स्टुडिओत, ट्रायपॉडवर तो ठीक आहे. नाशकात रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) पुढचा धप्पा (उडी) कोण मारतोय हे कॅमेरा खाली ठेवूनच हेरावे लागते. सिंहस्थातल्या रामकुंडावरच्या गर्दीतही तेच. निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला (२०२० पासून रामसर स्थळ) पाणथळीतली जांभळी पाणकोंबडी आधी नुसत्या नजरेने सापडायला हवी, मग टेलिलेन्समध्ये. लांबचा नंबर −२ असलेला माणूस चष्मा काढून यातले काहीच करू शकत नाही. त्याने चष्मा लावूनच चाक जुळवावे आणि मग त्याला हात लावू नये.

चष्मा ठेवला की दुसरा प्रश्न उभा राहतो. व्ह्यूफाइंडरच्या भिंगापासून डोळा जितका मागे नेला तरी पूर्ण चौकट दिसते, त्या अंतराला आयपॉइंट म्हणतात. आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ते २० मिलिमीटरच्या आसपास असते. चष्म्याची काच डोळ्यापुढे सुमारे १२ मिलिमीटरवर असते, त्यात काचेची जाडी आणि रबरी आयकप मिळवला की फारसे काही उरत नाही. कोपरे कापले जातात, खालची पट्टी दिसत नाही आणि न दिसलेल्या कडेवरचा विजेचा खांब फोटोत येऊन बसतो. निकॉनने १९८२ मध्ये एफ३ एचपी हा कॅमेरा २५ मिलिमीटर आयपॉइंट देऊन आणला; त्यासाठी चित्राचा आकार साध्या एफ३च्या ०.८ पटीवरून ०.७५ पटीवर आणावा लागला. ही देवाणघेवाण अजून सुटलेली नाही. काही मिररलेसमध्ये व्ह्यूफाइंडरमधले चित्र मेनूतून लहान करता येते, चष्मेवाल्यांनी ती सोय आधी शोधावी. खरेदीच्या वेळी मात्र माहितीपत्रकापेक्षा आपला रोजचा चष्मा लावून चारही कोपरे दिसतात का ते पाहावे, कारण आयपॉइंट काही कंपन्या भिंगापासून मोजतात, काही बाहेरच्या चौकटीपासून.

प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वरचा भाग लांबचा आणि खालचा वाचनाचा असतो. मान वर करून मंदिराचा कळस टिपताना नजर खालच्या भागातून जाते आणि जुळवलेले चाक निरुपयोगी होते. फोटोसाठी एकाच नंबरचा साधा चष्मा करून घेणे त्यापेक्षा स्वस्त आणि सोपे. फक्त वाचायचा चष्मा असलेल्यांना मिररलेस फार सोयीचा पडतो : मेनू आणि काढलेला फोटो व्ह्यूफाइंडरमध्येच पाहता येतात, मागच्या पडद्यासाठी चष्मा शोधत बसावे लागत नाही.

नजर एका जागी थांबत नाही. मधुमेहात साखर वरखाली झाली की नंबर काही दिवसांसाठी हलतो. मोतीबिंदूत तो हळूहळू उणेकडे जाऊ शकतो आणि रंग पिवळट दिसू लागतात. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर त्या डोळ्याला तेच चित्र निळसर वाटते, म्हणून त्या दिवसांत रंगांचे संस्करण नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर करू नये. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांची दृष्टी चित्रपटाच्या ध्यासातल्या अतिश्रमांनी काही काळ गेली होती, मुंबईच्या डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांनी ती परत आली. त्यानंतर १९१२ मध्ये त्यांनी लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा विकत घेतला.

किरकोळ पण त्रासाच्या गोष्टी : जुन्या कॅमेऱ्यांच्या धातूच्या कडीने प्लॅस्टिकच्या काचा चरे पडून खराब होतात, तिथे रबरी कडी बसवावी. उन्हात काळ्या होणाऱ्या काचांतून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर अंधारा दिसतो. पोलराइज्ड गॉगलमधून कॅमेरा उभा धरला की काही पडदे पार काळे पडतात. डावा डोळा लावणाऱ्यांचे नाक पडद्याला टेकते आणि टच चालू असेल तर फोकसचा चौकोन भलतीकडे सरकतो. तो टच बंद ठेवणे बरे.