हायवाथा विवर

हायवाथा विवर : वायव्य ग्रीनलंडमध्ये हायवाथा हिमनदीच्या बर्फाखाली दडलेले, अशनिपाताने झालेले विवर. व्यास सुमारे 31 किमी. (आपल्या लोणारचा सुमारे 1.8 किमी.). माथ्यावर जवळपास 1 किमी. जाडीचा बर्फ असल्याने ते डोळ्यांनी कोणीच पाहिलेले नाही.

विमानातून सोडलेल्या रेडिओलहरी बर्फातून आरपार जातात आणि तळच्या खडकावर आदळून परततात. परतायला लागलेल्या वेळावरून बर्फाची जाडी आणि त्यावरून खडकाचे चढउतार कळतात. नासाच्या अशा उड्डाणांच्या नोंदींतून केलेल्या नकाशात 2015 मध्ये डॅनिश संशोधकांना हा गोल खळगा दिसला. खरे तर तिथली हिमस्तराची अर्धवर्तुळाकार कडा उपग्रहचित्रांत आधीपासून उघडच होती. कोपनहेगनच्या ज्या संग्रहालयात हे संशोधक काम करत, त्याच्या आवारात वायव्य ग्रीनलंडमध्येच सापडलेला 20 टनांचा लोहाशनी आहे. तो रोज नजरेसमोर असल्याने त्यांचे मन अशनिपाताकडे चटकन वळले. मे 2016 मध्ये अधिक शक्तिशाली रडारने विवराची उंच कडा आणि मधला उंचवटा टिपला. शोध नोव्हेंबर 2018 मध्ये जाहीर झाला.

मात्र नुसता गोल आकार हा पुरावा नव्हे. पुरावा आणून दिला हिमनदीतून बाहेर पडणाऱ्या नदीने. तिच्या वाळूत अशनिपातासारख्या आघाताच्या प्रचंड दाबानेच उमटतात अशा समांतर रेषांचे क्वॉर्ट्झचे (गारेच्या खनिजाचे) कण मिळाले. बर्फ न खोदता विवराच्या तळाचा खडक हाती आला, ही या शोधातली सर्वांत सुंदर गोष्ट.

वयाबाबत मात्र आरंभीचा अंदाज फसला. विवर ताजे दिसत होते. त्यामुळे सुमारे 12,900 वर्षांपूर्वी अचानक आलेल्या थंडीशी त्याचा संबंध जोडला गेला आणि मोठा वाद झाला. 2022 मध्ये त्याच नदीतली वाळू आणि गोटे यांचे आरगॉन व झिर्कॉन पद्धतींनी (खनिजांतील किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या क्षयावरून वय काढण्याच्या पद्धती) कालमापन झाले. वय निघाले सुमारे 5.8 कोटी वर्षे. त्या काळी ग्रीनलंडवर हिमस्तर नव्हता, जंगल होते. म्हणजे अशनी बर्फावर कोसळलाच नाही; बर्फ फार नंतर आला.

हायवाथापासून 183 किमी. आग्नेयेस, सुमारे 2 किमी. बर्फाखाली 36.5 किमी. व्यासाचा आणखी एक गोल खळगा 2019 मध्ये नोंदला गेला. तिथला खडक अजून हाती आलेला नाही, म्हणून ते अशनिविवर असल्याचे सिद्ध मानले जात नाही.