राखेने ठरवलेला गॅस : कोळशाच्या वायुकरणाची पार्श्वभूमी

कोळशापासून गॅस तयार करणाऱ्या प्रकल्पांना प्रोत्साहन म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी 2024 मध्ये 8,500 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. 2030 पर्यंत 10 कोटी टन कोळशाचे वायुकरण, असे उद्दिष्ट त्याआधीच जाहीर झाले होते. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री चालवणाऱ्यांना यात आपले काय, हा प्रश्न पडणे साहजिक आहे. उत्तर योजनेच्या कागदात कमी आणि मागच्या पन्नास वर्षांत जास्त सापडते. त्या पन्नास वर्षांत भांडण गॅसशी फारसे नव्हतेच. ते राखेशी होते.

जुना इतिहास थोडक्यात आटपतो. 1792 मध्ये एका स्कॉटिश अभियंत्याने कॉर्नवॉलमधल्या आपल्या घरात कोळशाच्या गॅसचा दिवा लावला. मुंबईच्या रस्त्यांवर असे दिवे 1865 मध्ये आले. तो गॅस बंद भांड्यात कोळसा भाजून काढलेला होता. हवा आणि वाफ फुंकून जवळजवळ सगळ्याच कोळशाचा गॅस करणारा प्रोड्यूसर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात युरोपातल्या पोलाद आणि काचेच्या भट्ट्यांसाठी रुजला. पुढचे मोठे टप्पे जर्मनीतले. 1926 मध्ये फ्लुइडाइज्ड बेड, म्हणजे खालून फुंकलेल्या वायूत कोळशाचे कण उकळल्यासारखे तरंगत ठेवणारी भट्टी, 1936 मध्ये दाबाखाली चालणारा बेड, म्हणजे कोळशाच्या ढेकळांचा थर, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कोळशाची भुकटी ऑक्सिजनच्या झोतात जाळणारी भट्टी. पहिल्या दोन्ही रचना तिथल्या लिग्नाइटवर बेतलेल्या होत्या, आणि आपल्या खाणींतल्यासारखी राख त्यांच्यापैकी कोणाच्याच हिशेबात नव्हती.

आपल्या भागातल्या जुन्या माणसांना वायुकरण ठाऊक झाले ते युद्धकाळातल्या मोटारींमुळे. पेट्रोलवर रेशन आले आणि देशभर बसगाड्यांच्या मागे टाक्या बसल्या. त्यात लोणारी कोळसा भरायचा, पंख्याने आग धरवायची आणि गॅस इंजिनात ओढायचा. लाकडाच्या कोळशात राख नगण्य आणि डांबरही जवळजवळ नाही, म्हणून एवढे साधे यंत्र चालले. चढावर गाडी दमायची, ती गॅसमधल्या न जळणाऱ्या नायट्रोजनमुळे. युद्ध संपल्यावर पेट्रोल परतले आणि टाक्या भंगारात गेल्या.

दगडी कोळशावरचा प्रोड्यूसर हे वेगळे प्रकरण. ज्यांनी तो फक्त कॅटलॉगमध्ये पाहिला आहे, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की त्याचे डिझाइन कागदावर निम्मे आणि सळईवर निम्मे असते. भट्टीच्या माथ्यावर भोके असतात, त्यांना सगळीकडे पोक होल म्हणतात. ऑपरेटर त्यातून लोखंडी सळई तळापर्यंत घालतो, जरा वेळ थांबतो आणि झटकन बाहेर काढतो. खालचा काळा राहिलेला भाग म्हणजे राखेचा थर, त्यावरचा लाल भाग म्हणजे आगीचा. लाल पट्टा वर सरकला तर राख साचली आहे, तळाची फिरती जाळी जोरात चालवायची. पट्टा खाली आला तर निखाराच राखेबरोबर बाहेर पडतो आहे. हवेत वाफ किती मिसळायची हेही राखच सांगते. वाफ कमी पडली तर आग तापते, राख मऊ होऊन क्लिंकर, म्हणजे घट्ट ढेकळे, धरते आणि जाळी अडते. जास्त झाली तर गॅस पातळ होतो. एवढे सांभाळूनही हातात येणारा गॅस घनमीटरला 1,200 ते 1,400 किलोकॅलरीचा. पाइपातल्या नैसर्गिक गॅसमध्ये याच्या सहापट तरी उष्णता असते, त्यामुळे बर्नर, पाइप, ब्लोअर सगळेच मोठे घ्यावे लागते.

आता त्या निर्णयाकडे, ज्याबद्दल या क्षेत्रातली जुनी मंडळी अजून आवाज चढवून बोलतात. सत्तरच्या दशकाच्या आरंभी सरकारने कोळशावर चालणारे खत कारखाने उभारायचे ठरवले. आंध्रात रामगुंडम, ओरिसात तालचेर आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशात कोरबा. कोरबा पुढे बारगळला. उरलेल्या दोन्ही ठिकाणी खतासाठी लागणाऱ्या अमोनियाची रोज 900 टन क्षमता धरली होती आणि गॅससाठी भुकटीची भट्टी निवडली गेली. कोळसा पिठासारखा दळायचा, ऑक्सिजन आणि वाफेबरोबर समोरासमोरच्या बर्नरमधून आत सोडायचा, आणि दीड हजार अंशांच्या आसपास सेकंदाभरात त्याचा गॅस करायचा.

निवडीच्या बाजूचे मुद्दे हलके नव्हते. इतक्या तापमानाला डांबर उरत नाही, म्हणजे फिनॉल या विषारी रसायनाने भरलेल्या पाण्याची डोकेदुखी नाही. बेडच्या भट्टीला निवडक आकाराचे ढेकूळ लागते आणि चाळणीखालचा चुरा वाया जातो. इथे चुराच हवा असतो. शिवाय ही भट्टी कोणताही कोळसा खाते, अशी तिची ख्याती होती आणि अमोनियासाठी ती परदेशात चाललेली होती.

पण 'कोणताही कोळसा' म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपला कोळसा नव्हता. आपल्याकडे राख 30 ते 40 टक्के, आणि तीही सहजी न वितळणारी. या भट्टीत राख वितळवावी लागते. म्हणजे हजार टन कोळशातले तीन-चारशे टन दगड आधी दळायचे, मग दीड हजार अंशांपर्यंत तापवायचे, आणि त्यासाठीची उष्णता गॅस व्हायच्या कार्बनमधून आणि महागड्या ऑक्सिजनमधून काढायची. वितळलेल्या राखेचा एक हिस्सा खाली पडतो, उरलेला गॅसबरोबर उडतो आणि पुढची उपकरणे घासतो. त्यात ही भट्टी वातावरणाच्या दाबावर चालणारी. अमोनियासाठी सगळा गॅस नंतर कॉम्प्रेसरने दाबायचा, म्हणजे आणखी वीज. वीज गेली की ऑक्सिजनचा प्लँट बसतो, आणि तो पुन्हा थंड होऊन शुद्धतेवर यायला बरेच तास जातात. त्या काळात वीज वारंवार जात होती.

दोन्ही कारखाने 1980 मध्ये व्यापारी उत्पादनाला लागले. क्षमतेच्या जवळपास ते कधी स्थिरावले नाहीत आणि 1999 मध्ये बंद झाले. बचाव करणारे म्हणतात, दोष भट्टीचा नव्हे, विजेचा आणि ठरलेल्यापेक्षा वाईट कोळसा पुरवण्याचा. यात तथ्य आहे, नाही असे नाही. पण भट्टी निवडताना वीज आणि कोळसा जसे प्रत्यक्ष मिळतात तसे धरायचे असतात. निविदेत लिहिलेल्या आकड्यांवर कारखाना चालत नाही.

दुसरा रस्ता त्याच काळात दिसत होता. फ्लुइडाइज्ड बेडमध्ये हजार अंशांच्या आसपास काम होते, राख मऊ होण्याआधीच ती कोरडी बाहेर काढता येते. थोडा कार्बन राखेबरोबर जातो, ही त्याची किंमत. त्रिचीला 6.2 मेगावॉटचा प्रायोगिक संच उभा राहिला. आधी तिथे स्थिर बेड वापरला, नंतर फ्लुइडाइज्ड बेडकडे वळले. हैदराबादला छोटे संच चालले आणि पुढे 2021 मध्ये तिथे भरपूर राखेच्या कोळशापासून मिथेनॉलही काढले. प्रयोग चांगले झाले. पण मोठ्या कारखान्याचा धीर कोणी केला नाही, आणि माझ्या मते खरी चूक पहिल्या निवडीपेक्षा या कचरण्यात आहे.

राख टाळायची सोपी युक्ती म्हणजे कोळसाच बाहेरून आणणे. बळ्ळारीजवळ तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्यात 1999 पासून कोरेक्स पद्धत आली. तिच्या खालच्या भट्टीत कोळशाचा गॅस होतो, तो वरच्या उभ्या शाफ्टमध्ये लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घेतो आणि उरलेल्या गॅसवर वीज तयार होते. वायुकरणाचे हे देशातले एक यशस्वी उदाहरण, पण कमी राखेच्या आयात कोळशाच्या जिवावर. मुरगाव बंदरातून त्या पट्ट्याकडे जाणारा कोळसा ब्रॅगांझा घाटाचा 37 ला 1 चढ मागून जादा इंजिने लावून चढतो आणि कॅसलरॉक, तिनईघाट, लोंढा असा पुढे जातो. लोंढा आपल्या खानापूर तालुक्यातले. धूळ आणि खडखडाट आपल्याला, गॅस तोरणगल्लूला. याच मार्गाच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली. गोव्यात लोक या दुपदरीकरणाविरुद्ध रस्त्यावर उतरले होते, आपल्याकडे त्या मानाने शांतताच होती.

छोट्या प्रोड्यूसरचा निकाल लागला तो गुजरातेत. मोरबीच्या टाइल कारखान्यांनी शेकड्यांनी गॅसिफायर बसवले होते. गॅस थंड करून धुतला की डांबर आणि फिनॉल मिसळलेले काळे पाणी उरते. ते उघड्यावर सोडले जात असल्याच्या तक्रारींवर हरित लवादाने मार्च 2019 मध्ये तिथले सगळे गॅसिफायर बंद करायला लावले. गॅस गरम असतानाच भट्टीत नेला तर हे पाणी तयारच होत नाही, पण मग पाइपात डांबर आणि काजळी धरते आणि दर काही दिवसांनी ती जाळून काढावी लागते. एक मात्र म्हणायला हवे, डांबराचे काय करायचे याचे उत्तर डिझाइनमध्ये असते. ते खर्चिक म्हणून गाळले गेले.

तालचेर आता पुन्हा उभारले जात आहे. भट्टी परत भुकटीचीच, पण दाबाखालची, आणि कोळशात पेटकोक, म्हणजे तेलशुद्धीतून उरणारा कमी राखेचा कोक, मिसळून राखेचे प्रमाण खाली आणायचे, अशी योजना आहे. रामगुंडमने कोळसा सोडला आणि 2021 मध्ये ते नैसर्गिक गॅसवर सुरू झाले.

बेळगाव जिल्ह्यातून दाभोळ-बंगळूर गॅसवाहिनी 2013 पासून जाते. उद्यमबागेत कोकवर चालणाऱ्या कुपोला भट्टीची जागा बऱ्याच ठिकाणी विजेवरच्या इंडक्शन फर्नेसने घेतली आहे, म्हणजे बीड वितळवायला गॅस लागत नाही. प्रश्न उरतो तो हीट ट्रीटमेंटच्या आणि कोअर, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे, वाळवण्याच्या भट्ट्यांचा. तिथे वाहिनीचा गॅस सोयीचा आहे, पण दाभोळला तो जहाजातून द्रवरूपात येतो आणि त्याचा दर परदेशी बाजारावर हलतो. 8,500 कोटींची योजना मुख्यतः मोठ्या प्रकल्पांना डोळ्यांसमोर ठेवून आखली आहे. पाच-दहा टनांच्या भट्टीला पुरेल अशा, काळे पाणी न सोडणाऱ्या प्रोड्यूसरवर कोणी काम करावे, यासाठी त्यात जागा नाही; प्रात्यक्षिक आणि लहान प्रकल्पांसाठी 600 कोटींचा वेगळा हिस्सा आहे, पण त्यालाही किमान 100 कोटींच्या गुंतवणुकीची अट आहे.