रेल्वेत कुत्रा नेता येतो
ठाण्यात कुत्रा पाळणारे हमखास सांगतात: रेल्वेत कुत्रा चालत नाही, दोन दिवस नाशिकला जायचं तर त्याला बोर्डिंगमध्ये ठेवा. हे खरं नाही. फर्स्ट एसीत २ बर्थचं कूपे किंवा ४ बर्थची केबिन अख्खी आपल्याकडे असेल, तर तो आपल्यासोबतच येतो. आधी पार्सल ऑफिसात नोंद करून पैसे भरायचे, लसीकरणाचा दाखला जवळ ठेवायचा. स्लीपर, थ्री एसी, टू एसी, चेअर कारमध्ये मात्र मनाई.

दुसरी सोय गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्सची. कप्पा अरुंद, खाण्यापाण्याचं मालकानेच बघायचं. मे महिन्याच्या उकाड्यात मी तो कुणालाही सुचवणार नाही. चपट्या नाकाच्या पगला तर कधीच नाही, त्याला उष्णतेत श्वास घेणं जड जातं. त्यापेक्षा पहाटे आपल्या गाडीने निघावं, वाटेत कसाऱ्याला थांबून त्याला पाणी पाजावं.