टिपा, मॅक्लिओडगंज

टिपा म्हणजे तिबेटन इन्स्टिट्यूट ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स, निर्वासित तिबेटी लोकांची नाच-गाणं-नाटक शिकवणारी निवासी संस्था. हिमाचलमध्ये धरमशालाच्या वर मॅक्लिओडगंज आहे, तिथल्या मुख्य चौकातून धरमकोटकडे जो चढाचा रस्ता जातो त्याच रस्त्यावर ही आहे, चालत सहज जाता येतं. दलाई लामा मार्च १९५९ मध्ये भारतात आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पश्चिम बंगालमधल्या कालिम्पोंगला ही संस्था सुरू झाली, म्हणजे लोकांच्या राहण्या-खाण्याची धड सोय नव्हती तेव्हा आधी गाणं वाचवायचं ठरलं, आणि मला ही गोष्ट फार मोठी वाटते. नंतर ती धरमशालाला हलली.

इथे जे शिकवतात त्यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ल्हामो, तिबेटी संगीत नाटक. याचं श्रेय परंपरेने थांगतोंग ग्याल्पो या सिद्धपुरुषाला देतात, जो लोखंडी साखळ्यांचे पूल बांधायचा आणि सात बहिणींना नाचगाणं शिकवून त्यातून पुलांसाठी पैसे जमवायचा अशी कथा सांगतात. ल्हामो दिवसभर चालतो, उघड्यावर, मधे गोल मोकळी जागा आणि भोवती माणसं. साथीला फक्त एक ढोल आणि झांजा, बाकी काही नाही, म्हणजे सगळा भार गळ्यावर. गाणारा उंच पट्टीत, गळा थरथरवत ओळ उचलतो आणि बाकीचे नट मागून ती ओढतात, आणि मधेच निवेदक येऊन पुढची कथा एका सुरात, न थांबता, धडाधड म्हणून टाकतो, की मग परत गाणं.

आपल्या दशावतारात आधी संकासुर येतो तसं इथेही मुख्य कथेआधी वेगळा भाग असतो, शिकारी येऊन जागा शुद्ध करतात. त्यांचे मुखवटे नीट बघा. चपटे, गडद निळे, त्यावर कवड्या लावलेल्या आणि खाली पांढरी दाढी. कमरेला पांढऱ्या दोऱ्यांचे गोंडे असतात, नट गिरकी घ्यायला लागला की ते चहूबाजूंनी आडवे उडतात आणि त्या गिरक्या बघूनच कळतं की यामागे किती वर्षांची तालीम आहे. कथा नोरसांग राजपुत्र, द्रोवा सांगमो, नांगसा अशा, बऱ्याचशा बौद्ध.

ल्हामोशिवाय ल्हासाच्या दरबारातलं 'गार' नावाचं नाच-गाणं, पश्चिम तिबेटातलं पाय आपटत नाचायचं तोएशे, याक आणि हिमसिंहाचे नाच, झालंच तर द्रान्येन हे तंतुवाद्य, गजाने वाजवायचं पिवांग, बासरी, हे सगळं शिकवतात. वेशभूषा आणि मुखवटेही इथेच करतात. इथे तयार झालेले शिक्षक पुढे तिबेटी शाळांमध्ये संगीत शिकवायला जातात, हेच मला संस्थेचं खरं काम वाटतं, कारण परदेश दौऱ्यांनी नाव होतं पण कला टिकते ती वर्गातल्या पोरांमुळे.

२००९ मध्ये तिबेटी ऑपेरा, म्हणजे हाच ल्हामो, युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला तो चीनच्या नावाने. सांस्कृतिक क्रांतीत तिबेटमध्ये हेच सगळं दडपलं गेलं होतं, त्या काळात ते इकडे डोंगरावर शिकवलं जात होतं, म्हणून यादी वाचताना टिपाचं नाव आठवायला हवं.

जायचं असेल तर ल्हामोचा शोटोन महोत्सव गाठा. ल्हासाला हा उन्हाळ्याच्या शेवटी नोरबुलिंग्का या दलाई लामांच्या उन्हाळी महालाच्या बागेत व्हायचा, इथे सहसा मार्च-एप्रिलमध्ये असतो आणि वेगवेगळ्या तिबेटी वसाहतींमधली ल्हामो मंडळंही येतात. नाहीतर एरवीही तालीम चालू असते, गेटवर विचारून घ्यायचं. ट्रेनने येणार असाल तर पठाणकोटला उतरून पुढे बस किंवा टॅक्सी. शोटोनला मात्र दिवस मोकळा ठेवूनच जा, तासाभरात उठलात तर शिकारीच बघून याल, कथा तेव्हा कुठे सुरू होत असते.