सँडहर्स्ट रोड: प्लेगच्या भीतीतून कापलेला रस्ता

गिरगावातल्या प्रार्थना समाजाच्या नाक्यावरून सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, म्हणजे जुना सँडहर्स्ट रोड, पूर्वेला गोल देवळाकडे आणि पुढे डोंगरीकडे जातो. रस्त्याला लागून खाली दुकानं, वर बिऱ्हाडं असलेल्या जुन्या इमारती ओळीने उभ्या आहेत. आजूबाजूच्या गल्ल्यांत शिरलं की मात्र घरं एकमेकांना खेटलेली आणि आभाळाची जेमतेम पट्टी दिसते. वस्ती आधीची, रस्ता नंतरचा, हे तिथे चालतानाच कळतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. बघता बघता लोक मुंबई सोडून गावाकडे निघाले, गिरण्यांना कामगार मिळेनात. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली शहराची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली होती. व्यापार बसला, तेव्हा सरकारला ‘नेटिव्ह टाउन’ची, म्हणजे देशी लोकांच्या वस्तीची, काळजी वाटू लागली. त्याआधी कित्येक वर्षं तिथली गटारं तुंबत होती आणि त्याची फारशी फिकीर कुणाला नव्हती.

गव्हर्नर होते लॉर्ड सँडहर्स्ट. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत घुसले ते यांच्याच कारकिर्दीत, आणि १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला तोही यांच्याच सरकारने. मुंबईतही घरझडतीवरून मार्च १८९८ मध्ये दंगल पेटली. त्याच वर्षी ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. नमुना ग्लासगोचा होता.

ट्रस्टचा हिशोब असा: दाटीवाटीमुळे हवा कोंडते, कोंडलेल्या हवेत रोग वाढतो, तेव्हा पश्चिमेचा समुद्रवारा आत येईल असे रुंद रस्ते वस्तीतून कापायचे. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्याच विचारातून निघाले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्येच दाखवलं होतं, पण ते सर्वमान्य व्हायला बरीच वर्षं गेली. तोवर पहारी चालू झाल्या होत्या.

मला यातली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट मोबदल्याची वाटते. जमीन घेतली की पैसे मालकाला मिळत. एका खोलीत पाच-सहा जणांचं बिऱ्हाड थाटलेला भाडेकरू, ज्याच्या आरोग्यासाठी म्हणून हा सगळा खटाटोप होता, तो बोचकं उचलून शेजारच्या चाळीत शिरे. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने पाडलं जास्त, बांधलं कमी. त्यामुळे एका गल्लीतली गर्दी पुढच्या गल्लीत सरकली आणि भाडी चढली. वाऱ्याची सोय झाली, माणसांची राहिली. ट्रस्टच्या पदरात काही चांगलंही टाकायला हवं: बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळी त्यानेच बांधल्या, आणि दादर-माटुंग्याची आखीव वसाहतही त्याचीच. पण तिथली घरं मुख्यतः पांढरपेशांच्या वाट्याला आली.

१९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. स्वातंत्र्यानंतर रस्त्याला सरदार पटेलांचं नाव मिळालं. गव्हर्नरसाहेबांचं रेल्वे स्टेशनवर राहिलं. ते बदलून ‘डोंगरी’ करण्याचा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केला. रस्त्यासाठी घरं गेलेल्या भाडेकरूंची साधी पाटीसुद्धा या रस्त्यावर लागायला हवी, असं मला मनापासून वाटतं.