मागची सीट दुमडताना

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की नाशिकमधल्या कितीतरी घरच्या गाड्या शनिवार-रविवारी मालवाहू होतात. निफाड किंवा दिंडोरीकडच्या मळ्यातून निघालेल्या पेट्या ठाण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे पोहोचवायच्या असतात आणि डिकीत सीएनजीची टाकी असेल, तर मागची सीट दुमडण्यावाचून गत्यंतर नसते. काम दोन मिनिटांचे आहे. परंतु त्या दोन मिनिटांत आपण गाडीतली एक संरक्षक भिंत स्वतःच्या हाताने आडवी करत असतो, हे ध्यानात ठेवायला हवे.

सीटची पाठ केवळ टेकण्यासाठी नसते. गादीच्या आत सांगाडा असतो आणि पाठीच्या वरच्या टोकाचे कुलूप गाडीच्या बॉडीवरील आकड्यात अडकते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक 17 क्रमांकाच्या नियमानुसार होणाऱ्या चाचणीत डिकीत प्रत्येकी 18 किलोचे दोन ठोकळे ठेवून ताशी सुमारे 50 किलोमीटर वेगाच्या धडकेइतका धक्का दिला जातो, आणि पाठीने ते ठोकळे मागेच अडवून धरणे अपेक्षित असते. पाठ दुमडली की सामान आणि चालक यांच्यामध्ये फक्त पुढची सीट उरते.

बाजार समितीत टोमॅटोची जी 20 किलोची जाळी आपण पाहतो, तिचेच उदाहरण घेऊ. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतील अशा जाळीजवळ जेवढी गतिज ऊर्जा असते, तेवढी ती जवळजवळ 10 मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यावर मिळते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी 80 किलोमीटरला हीच उंची 25 मीटर होते. धडकेत गाडी 60 सेंटिमीटरमध्ये थांबली, तर 50 च्या वेगालाही जाळी धरून ठेवण्यासाठी सरासरी सव्वातीनशे किलो वजनाइतका जोर लागतो. हाताने तिला थोपवणे अशक्य आहे. ते काम पट्ट्याचेच.

धडक व्हायलाच हवी असेही नाही. कसारा घाट उतरताना उताराचा ओढ आणि ब्रेकचा धक्का दोन्ही सामानाला पुढेच ढकलतात, आणि गुळगुळीत पुठ्ठ्याची पेटी दुमडलेल्या पाठीवरून सहज घसरते. म्हणून जड पेट्या तळाशी आणि पुढच्या सीटच्या पाठीला अगदी खेटून ठेवाव्यात. मध्ये मोकळी जागा राहिली, तर तेवढ्या अंतरात पेटीला वेग घ्यायला वाव मिळतो. खाली रबरी चटई अंथरावी, डिकीच्या तळाशी असलेल्या कड्यांना पट्टा ओवून आवळावा आणि सामानाची उंची पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊ देऊ नये. सीएनजीची टाकी असल्यास तिच्या व्हॉल्व्हवर काहीही टेकता कामा नये.

दुमडण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, डोक्याचे टेकण खाली दाबावे किंवा काढावे आणि सीटबेल्ट बाजूच्या खाचेत अडकवावेत. जागा व्हावी म्हणून चालकाची सीट फार पुढे घेणे मात्र धोक्याचे आहे: छाती आणि स्टिअरिंग यांच्यात किमान 25 सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे, कारण एअरबॅगला फुगायला जागा लागते. लांबच्या प्रवासाआधी चालकाच्या दाराच्या चौकटीवरील तक्ता पाहून भरलेल्या गाडीसाठी सांगितलेली हवा टायरमध्ये भरावी. मागे वजन वाढल्याने हेडलाइटचा झोत वर उचलला जातो, तोही डॅशबोर्डवरील चाकाने खाली घ्यावा.

सीट पुन्हा उभी करताना होणारी चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती दिसत नाही. एकदा कांद्याच्या गोण्या उतरवून मी पाठ मागे ढकलली आणि ‘टक्’ असा आवाजही आला. मात्र कुलपाच्या खटक्याजवळची लाल खूण दिसतच राहिली. वाकून पाहिले, तर गोणीच्या सुतळीची गाठ आकड्यात अडकून बसली होती. बऱ्याच गाड्यांत अशी लाल खूण असते आणि कुलूप पुरते बसल्याखेरीज ती झाकली जात नाही. ती झाकली गेली, सीटबेल्ट पाठीमागे दबलेला नाही हे पाहिले, आणि पाठ दोन्ही हातांनी पुढे ओढूनही हलली नाही, की मगच तिथे मुलांना बसवावे.