नाव जुळलं म्हणून बँक खातं अडकलंय? यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) कलम ५१अ खाली खातं सोडवायचा अर्ज, कोणी करायचा, कुठे द्यायचा, कागदपत्रं काय लागतात

गल्फमधून भावाने पाठवलेले पैसे आठ दिवस झाले तरी येत नाहीत, ब्रँचमध्ये गेलं की "वरून होल्ड आहे" एवढंच ऐकायला मिळतं, आणि मग कोणीतरी हळूच सांगतं की तुमचं नाव टेररिस्ट लिस्टमधल्या नावाशी जुळतंय. डोंगरी, कुर्ला, गोवंडी, मुंब्रा, कुठेही राहणारा साधा माणूस हे ऐकून आधी हादरतो आणि मग गप्प बसतो, कारण पोलिसांचं लफडं नको. मी बरीच वर्षं बँकेच्या काउंटरवर काढलीत, अशी माणसं समोर उभी बघितलीत, म्हणून कळकळीने सांगतो, गप्प बसू नका. यासाठी लेखी अर्जाची सोय सरकारच्याच ऑर्डरमध्ये आहे, फक्त ती कोणी समजावून सांगत नाही.

आधी हे कुठून आलं ते थोडक्यात. दहशतवादाला पैसा पुरवण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ९ डिसेंबर १९९९ ला मंजूर केला, तो १० एप्रिल २००२ ला लागू झाला आणि भारताने २००३ मध्ये त्याला रीतसर मान्यता दिली. करार म्हणतो की अशा कामासाठी पैसा देणं किंवा गोळा करणं हाच गुन्हा, तो पैसा प्रत्यक्षात वापरला गेला पाहिजे असं नाही. कलम ८ मध्ये असा पैसा गोठवायची जबाबदारी देशांवर टाकलीय, कलम १८ मध्ये ग्राहकाची ओळख पटवणं आणि व्यवहारांचं रेकॉर्ड पाच वर्षं ठेवणं आहे, म्हणजे आपण ज्या केवायसीला वैतागतो त्याचं एक मूळ इथे आहे. त्याच्याच जोडीला सुरक्षा परिषदेचे दोन ठराव, १९९९ चा १२६७ आणि २००१ चा १३७३. पहिल्यातून दहशतवाद्यांच्या नावांची यादी आली, दुसऱ्याने प्रत्येक देशाला गोठवण्याचे अधिकार स्वतःच्या कायद्यात आणायला लावले. आपल्याकडे ते यूएपीएच्या कलम ५१अ मधून आलं, २६/११ नंतर ३१ डिसेंबर २००८ च्या दुरुस्तीने. ज्या शहराने १९९३ पाहिलं, २००६ च्या लोकल पाहिल्या, त्या शहरात हा कायदा का लागतो हे कोणाला समजवायची गरज नाही. पण त्याच करारात कलम १७ पण आहे, की ज्याच्यावर याखाली कारवाई होईल त्याला न्याय्य वागणूक मिळालीच पाहिजे. हे कलम लक्षात ठेवा.

आता अर्जाच्या आधीचं काम, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. खातं बंद म्हणजे ५१अ असं अजिबात नाही. मुंबईत सध्या बरीच खाती सायबर फ्रॉडच्या तक्रारीवरून, म्हणजे १९३० या सायबर हेल्पलाइनवरच्या कंप्लेंटनंतर अडकतात, ती पोलिसांकडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली, आणि त्याची वाट पूर्ण वेगळी, त्या तपास अधिकाऱ्याकडे आणि कोर्टात. काही ईडीच्या कारवाईत अडकतात, काही तर फक्त री-केवायसी राहिलं म्हणून. त्यामुळे पहिलं पत्र ब्रँच मॅनेजरला एवढंच द्या की माझं खातं किंवा अमुक तारखेचा व्यवहार कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली आणि कोणाच्या आदेशाने थांबवलाय ते लेखी कळवा. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. तोंडी बोलण्याला पुढे काही किंमत राहत नाही. एक गोष्ट स्टाफच्या बाजूने पण सांगतो, बँकेने संशयास्पद व्यवहाराचा रिपोर्ट एफआययूला, म्हणजे केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाला, पाठवला असेल तर ते ग्राहकाला सांगायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा समोरचा माणूस गप्प राहतो तो दरवेळी उद्धटपणा नसतो.

आतमध्ये काय होतं? बँकेला आपले खातेदार रोज या यादीशी ताडून बघावे लागतात. तपशील जुळला तर २४ तासांच्या आत केंद्रीय गृह मंत्रालयातल्या यूएपीएच्या केंद्रीय नोडल ऑफिसरला (या कामासाठी नेमलेला अधिकारी), राज्याच्या नोडल ऑफिसरला, रिझर्व्ह बँकेला आणि एफआययूला कळवायचं. मग पोलीस किंवा केंद्रीय यंत्रणा हा तोच माणूस आहे का ते तपासतात, त्याला पाच कामकाजाच्या दिवसांची मुदत आहे, आणि तोच निघाला तर ५१अ खाली गोठवण्याची ऑर्डर निघते, आधी नोटीस न देता. नोटीस दिली तर पैसे रातोरात निघून जातील म्हणून. ही सगळी पद्धत गृह मंत्रालयाच्या २ फेब्रुवारी २०२१ च्या ऑर्डरमध्ये आहे, त्याआधी २००९ आणि २०१९ च्या होत्या.

गोची नावांची आहे. यादीतली क्यूडीआय १३५ या क्रमांकाची नोंद दाऊद इब्राहिमची, २००३ पासून आहे, जन्मस्थळ रत्नागिरी जिल्ह्यातलं, आणि त्याखाली उपनावांची रांग, त्यात शेख मोहम्मद इस्माईल अब्दुल रहमान, अब्दुल हमीद अब्दुल अझीझ अशी नावं आहेत. आता कोकणातून येऊन मुंबईत राहिलेल्या किती घरांत ही नावं सापडतील ते तुम्हीच सांगा! कॉम्प्युटर अक्षरं जुळवतो, माणूस ओळखत नाही.

अर्ज कोण करू शकतं: ज्याचं खातं, शेअर्स, विमा किंवा प्रॉपर्टी चुकून गोठवली गेली असा कोणीही माणूस किंवा संस्था. जॉइंट अकाउंट असेल तर दोघांनी सह्या करा, ट्रस्ट किंवा कंपनी असेल तर ठराव करून अधिकृत सही करणाऱ्याने. अट एकच, चूक झालीय हे दाखवणारा पुरावा अर्जासोबत पाहिजे.

पुरावा म्हणजे काय तर यादीतल्या नोंदीला तुमच्या कागदाने दिलेलं उत्तर. ही एकत्रित यादी सुरक्षा परिषदेच्या वेबसाईटवर सगळ्यांना मोफत दिसते, ती उघडून आपली नोंद शोधा आणि एका कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडा, डावीकडे नोंदीतलं नाव, उपनावं, जन्मतारीख, जन्मगाव, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट नंबर, पत्ता, आणि उजवीकडे तुमचं तेच, प्रत्येकासमोर कुठला कागद जोडलाय ते. माझ्या मते अख्ख्या अर्जात हाच कागद सगळ्यात कामाचा. जन्मतारखेला जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, ओळखीला पॅन, आधार, पासपोर्ट आणि जुने रद्द झालेले पासपोर्टसुद्धा, पत्त्याला रेशनकार्ड किंवा भाडेकरार, कमाईला सॅलरी स्लिप किंवा रिटर्न, आणि परदेशातून पैसे आले असतील तर पाठवणाऱ्याच्या ओळखपत्राची कॉपी, त्याची पाठवल्याची पावती आणि नातं दाखवणारं काहीतरी. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, ते इथे फार उपयोगी पडतं, पण पॅनवर नुसतं आद्याक्षर आणि आधारवर पूर्ण नाव असेल तर तिथेच घोळ होतो, म्हणून अर्जात स्वतःचं, वडिलांचं, आईचं नाव पूर्ण लिहा. नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत, ते चर्नीरोडच्या सरकारी मुद्रणालयाकडचं गॅझेट.

अर्ज द्यायचा त्याच बँकेत, डीमॅट असेल तर डिपॉझिटरीकडे (शेअर्स जिथे जमा असतात ती संस्था), प्रॉपर्टी असेल तर निबंधकाकडे, आणि राज्याच्या नोडल ऑफिसरलाही. खाते नंबर, शाखा, रक्कम, कधी अडकलं, सगळं लिहा. बँकेने तो अर्ज दोन कामकाजाच्या दिवसांत केंद्रीय नोडल ऑफिसरकडे पाठवायचा असतो, तेव्हा तिसऱ्या दिवशी जाऊन कधी पाठवला ते विचारा, तो तुमचा हक्क आहे. तिकडे खात्री पटली की विनाविलंब सोडायची ऑर्डर निघते, आणि उशीर होणार असेल तर तसं अर्जदाराला कळवावं लागतं. बँक स्वतःच अर्ज दाबून बसली तर तिच्याकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही तर रिझर्व्ह बँकेचा ओम्बड्समन (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी), हेल्पलाइन १४४४८. आणि कुठूनच काही हललं नाही तर हायकोर्टात रिट, तिथे मात्र वकील चांगला बघा.

तोवर घर कसं चालवायचं? अन्न, भाडं किंवा हप्ता, औषधं, टॅक्स, विम्याचा हप्ता, लाईट-पाण्याचं बिल, वकिलाची फी, एवढ्यासाठी गोठवलेल्या पैशातून रक्कम मागता येते, ही सोय ऑर्डरमध्येच आहे, पण वेगळं मागावं लागतं, आपोआप मिळत नाही. बिलं जोडून महिन्याचा आकडा द्या. आणि कृपा करून या काळात हवालाने किंवा शेजाऱ्याच्या खात्यातून पैसे फिरवू नका, निर्दोष माणसाची केस तिथेच बिघडते.

ज्याचं नाव खरंच यादीत आहे त्याच्यासाठी ही वाट नाही. आयसिस-अल कायदा यादीतलं नाव काढायला संयुक्त राष्ट्रांचा स्वतंत्र ओम्बड्समन आहे, २००९ च्या ठराव १९०४ ने आलेला, बाकी याद्यांना फोकल पॉइंट, म्हणजे असे अर्ज घेणारं संयुक्त राष्ट्रांचंच कार्यालय. भारताच्या स्वतःच्या यूएपीए यादीतलं नाव असेल तर केंद्र सरकारकडे अर्ज आणि नकार आला तर महिन्याभरात रिव्ह्यू कमिटीकडे.

खातं सुटल्यावर ऑर्डरची प्रत मागून घ्या, बँकेला पत्र देऊन तुमच्या कस्टमर रेकॉर्डमध्ये चुकीची जुळणी अशी नोंद करायला सांगा, आणि एक झेरॉक्स गल्फमधल्या भावाकडेही पाठवा, पुढच्या वेळी तिकडच्या एक्सचेंजवाल्याने विचारलं तर त्याच्या हातात काहीतरी पाहिजे.